रंगाचा डबा सगळ्यात शेवटी: जुन्या रेल्वे स्थानकाची देखभाल हाती घेणाऱ्यांसाठी

जुन्या स्थानकावर श्रमदानाला नवा माणूस आला की अर्ध्या तासात विचारतोच, "रंग कोणता द्यायचा?" आम्हीही तसेच होतो. पहिल्या वर्षी वर्गणी काढली, दुकानातला चांगल्यातला प्लास्टिक पेंट आणला आणि दोन रविवारांत सगळी भिंत पिवळीधमक केली. फोटो छान आले. सप्टेंबरच्या पावसात त्याच भिंतीवर पुरीसारखे फुगे आले आणि दिवाळीपर्यंत रंगाचे पापुद्रे खाली पडले. सोबत जुन्या चुन्याचा थरही गेला, तो आमच्या रंगानं ओढून नेला. तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग चुना, मग लाकूड-लोखंड आणि रंग सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे.

आमचं स्थानक बार्शी लाइटचं, सोलापूर जिल्ह्यातलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. परवानगी आम्हाला आहे, बघायला येणाऱ्यांना नाही, आणि शेजारून आता मोठ्या गाड्या वेगानं जातात.

आधी इमारत कोणाची, कशासाठी, ते समजून घ्या

बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मोठ्या लाइनीवरच्या बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गावापर्यंत. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे नॅरोगेज. पुढं १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ साली सरकारनं ती ताब्यात घेतली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सगळी लाइन रुंद झाली. काही स्थानकं नव्यानं बांधली गेली, काही ठिकाणी जुनी खोली नव्या इमारतीच्या सावलीत तशीच राहिली.

तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्याचा सगळा हिशेब हलकेपणाचा होता. कुठल्याही चाकाच्या आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, तेही सगळ्या डब्यांवर सारखं वाटून टाकायचं, म्हणजे हलके रूळ चालतात, लहान पूल चालतात, खर्च आवरतो. स्थानकंही त्याच हिशेबातली: तिकिटाची खिडकी, मास्तरची खोली, पुढं पडवी, झालं. हे आधीच सांगतो, कारण उत्साही मंडळी आली की कमानी, शोभेचे दिवे असली स्वप्नं रंगतात. या लाइनीवर थोरपणा कधी नव्हता, काटकसर होती. जपायची असेल तर तीच जपायला हवी. बोरीबंदर बघायचं असेल त्यानं मुंबईची गाडी धरावी.

स्वयंसेवकांनी अख्खी रेल्वे चालवण्याचा पहिला प्रयोग वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर १९५१ साली झाला. आपल्या बार्शी लाइटच्याच मापाची, अडीच फुटी वेल्शपूल अँड लॅनफेअर १९५६ मध्ये बंद पडली होती, तीही अशाच लोकांनी १९६३ मध्ये पुन्हा सुरू केली. कॅल्थ्रॉपनंच इंग्लंडात बांधलेली लीक अँड मॅनिफोल्ड मात्र १९३४ ला बंद झाली ती कायमची. तिच्या वाटेवरून आज लोक पायी आणि सायकलनं फिरतात आणि ह्यूम एंड नावाच्या स्थानकात माहिती केंद्र आहे. आपल्याकडं गाडी परत चालू करणं स्वयंसेवकांच्या हातात नाही. एखादी खोली पडू न देणं मात्र आहे.

परवानगी: थोडं मागा, लेखी मागा

स्थानक बंद असो, मोडकं असो, जागा रेल्वेचीच. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणं विनापरवाना हद्दीत शिरणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "आम्ही सेवा करायला आलोय" हे त्याला उत्तर नाही.

अर्ज सोलापूरच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे करा आणि एकच पान लिहा. आमचा पहिला अर्ज नऊ पानांचा होता. त्यात संग्रहालय होतं, उपाहारगृह होतं, बालोद्यानही होतं. त्याचं काही झालं नाही. दुसऱ्या अर्जात फक्त एवढं लिहिलं: महिन्यातले दोन रविवार, सकाळी सात ते अकरा, दहा माणसं, नावं आणि ओळखपत्रं सोबत, कामं म्हणजे झाडलोट, गवत काढणं, पन्हळी साफ करणं. तोडफोड नाही, बांधकाम नाही, फलाटाच्या कडेच्या अलीकडंच काम. यावर "बघू" असं उत्तर आलं, आणि सरकारी कचेरीतलं "बघू" म्हणजे अर्धं काम. वर्षभर झाडलोट नीट केली की कौलांना हात लावायची परवानगी मागता येते. चुन्याची त्यानंतर.

परवानगीत चार गोष्टी स्पष्ट असू द्या: देखरेख कोण करणार, किल्ली कोणाकडं, फोटो काढायचे की नाही, आणि कुणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची. चौथ्या मुद्द्यासाठी गटाचा अपघात विमा काढून ठेवा. दर खेपेला हजर मास्तरांना जाऊन भेटा, वहीत वेळ लिहा, जाताना पुन्हा सांगून जा. मास्तर बदलले की नव्या मास्तरांना पत्राची प्रत आपणहून दाखवा.

रुळांजवळ

हा भाग लहान आहे, पण पाठ करा. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. शॉक बसायला तारेला हात लागावा लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी पुरतं. शिडी, बांबू, लांब पाइप, ओली दोरी, पाण्याचा फवारा, काहीही तारेच्या दोन मीटरच्या आत जाता कामा नये. शिडी उभी नेऊ नका, दोघांनी आडवी धरून न्या. पतंगाचा मांजा तारेत अडकलेला दिसला तर हात लावू नका, मास्तरांना सांगा.

लाल आणि हिरवं काही अंगावर नको. सोलापूरकरांना हे जरा जड जातं, कारण आपल्या टॉवेलांत लाल पट्टा नसेल तर तो टॉवेल कसला! पण घाम पुसायला झटकलेला लाल टॉवेल लांबून ड्रायव्हरला थांबण्याचा इशारा वाटू शकतो. आम्ही आता सगळ्यांसाठी पांढरे पंचे ठेवतो आणि अंगात चमकत्या पट्ट्यांचं पिवळं-केशरी जाकीट.

एक माणूस फक्त लक्ष ठेवायला. त्यानं झाडू धरायचा नाही, फोन बघायचा नाही, गप्पाही मारायच्या नाहीत. गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की हातातलं खाली ठेवून सगळे भिंतीशी. आमच्यात हे काम आळीपाळीनं येतं आणि कोणालाच आवडत नाही, कारण चार तास उभं राहून काही केल्यासारखं वाटत नाही. तरी ते आधी ठरवा, चहाचं नंतर.

हात लावण्याआधी एक वर्ष बघा

ही सगळ्यात अवघड पायरी. आलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं आणि तुम्ही त्याला पेन्सिल देता.

सोलापूरची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरची इमारत वर्षभर हलत असते. मे महिन्यात भिंतीला तडा दिसला म्हणून लगेच बुजवला, तर ऑक्टोबरात तडा मिटायला बघतो, आत भरलेला माल मिटू देत नाही आणि भिंत दुसरीकडं फुटते. म्हणून प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि मधली रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. वर्षभरात जो तडा उघडतो आणि मिटतो तो जमिनीचा. त्याला जमीन कोरडी ठेवणं हाच उपाय. जो नुसता वाढत जातो त्याच्यासाठी इंजिनिअर बोलवा, तिथं स्वयंसेवकाचं काम नाही.

याच वर्षात प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, एकाच जागेवरून, चारही ऋतूंत. दारं-खिडक्यांना नंबर द्या. कोपऱ्यांना ओळंबा लावून भिंत किती झुकली ते लिहा. आणि भर पावसात एकदा तरी स्थानकावर जा. ज्यानं पाऊस चालू असताना इमारत पाहिली नाही त्याला तिचं दुखणं कळलेलं नाही. आपल्याकडं जून-जुलै भुरभुर असते, जोर सप्टेंबरात. गौरी-गणपतीच्या आसपास सवड काढा.

पाणी: वरून, बाजूनं, खालून

वरून आधी. मंगलोरी कौलांचं छप्पर दिसतं भक्कम, पण एक कौल सरकलं तरी वासा पाच वर्षांत कुजतो. काम मे अखेरीला, सकाळी सहा ते नऊ. नंतर कौल हाताला चटके देतं.

कौलावर मधोमध पाय देऊ नका. फळी किंवा छपराची शिडी आढ्याला अडकवा आणि तिच्यावरून हला. एक माणूस वर, एक शिडीशी, एक आत छताखाली. आतल्या माणसाला जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं त्यानं खालून काठीनं टकटक करायचं, वरच्यानं तिथं खडूची खूण करायची. ही युक्ती आम्हाला एका निवृत्त गँगमन मामांनी, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्यानं, शिकवली. आम्ही बादल्यांनी पाणी ओतून गळती शोधत होतो. ते पडवीत बसून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "मालक, पाणी वाया का घालवताय, दिवसाढवळ्या ऊन गळतंय की."

फुटलेलं कौल बदलताना मागचा शिक्का बघा. प्रत्येक कारखान्याच्या कौलाचं माप आणि खाच थोडी वेगळी. दुसऱ्या कारखान्याचं कौल बसल्यासारखं दिसतं आणि पहिल्या वावटळीत उठतं. जुनी घरं पाडतात तिथून तोच शिक्का असलेली कौलं गोळा करून ठेवा. एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, यावरून साठा किती हवा ते काढा. ढीग मात्र भिंतीला चिकटून रचू नका. का, ते पुढं येईल. आढ्यावरची कोनकौलं सिमेंटनं जाम करायची सवय सगळ्या गवंड्यांना आहे. करू देऊ नका. पुढच्या वेळी एक कोनकौल काढताना शेजारची चार फुटतील.

छपरावर कुठं सिमेंटचा जुना नालीदार पत्रा असेल तर तो कापू नका, भोक पाडू नका, घासूही नका. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. रेल्वेच्या बांधकाम शाखेला कळवा आणि तिथून लांब राहा.

बाजूचं पाणी म्हणजे पन्हळी आणि उतरते पाइप. वर्षातून तीनदा साफ करा: मे अखेर, ऑगस्ट, आणि कडुलिंबाची पानगळ झाली की. पन्हळीत चेंडू, पक्ष्यांची घरटी आणि एकदा चप्पल सापडली आहे. चपलेची जोडी कुठं गेली हे आजवर कळलं नाही.

खालचं पाणी सगळ्यात लबाड. फलाट दरवेळी मुरूम टाकून उंच होत गेला की जोतं मातीखाली जातं, ओल भिंतीत चढते आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर पांढरा लोणा, म्हणजे खाराची भुकटी, फुलतो. लोक लोण्यावर सिमेंटचा गिलावा करतात. ओल मग गिलाव्याच्या वरून, कमरेएवढ्या उंचीवरून बाहेर पडते. उपाय कुदळीचा आहे: भिंतीलगतची भर काढा, जोत्याचा मूळ दगड दिसेपर्यंत, आणि भिंतीपासून लांब जाणारा उतार द्या. हे खणकाम परवानगीशिवाय नको, खाली सिग्नलच्या आणि विजेच्या केबली असतात. त्या कुठून जातात ते दाखवायला रेल्वेचा माणूस हजर असल्याशिवाय कुदळ मारू नका. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा आणि खाली पडलेला भुगा उचलून लांब टाका. पाण्यानं धुतलात तर तो परत भिंतीत जातो.

स्थानकाची बाग ही जुनी हौस. मास्तर लोक हौसेनं कण्हेर, मोगरा लावायचे. पण भिंतीला लागून वाफा आणि त्याला रोज पाणी म्हणजे काळ्या मातीत त्या एकाच कोपऱ्याखाली बारमाही पावसाळा. बाग कुंड्यांत करा, भिंतीपासून लांब. आमच्याकडं यावर दोन वर्षं भांडण चाललं. मोगरा आता कुंडीत आहे आणि ज्यांचा होता त्या काकू अजून अधूनमधून टोमणा मारतात.

चुना

पाणी थांबल्यावर एक हंगाम भिंत सुकू द्या, मगच दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायला घ्या. आमची भिंत काळ्या दगडाची, सांध्यात चुना. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि तसाच हवा. भिंत हलली तर तो थोडा दबतो, ओल आली तर तो ती बाहेर सोडतो. सिमेंट कडक असतं. ओल त्याला ओलांडता येत नाही, मग ती दगडाच्या कडेतून निघते. वीट असेल तर कडा चुरा होऊन गळतात आणि सिमेंटचा दर्जा तेवढा जाळीसारखा उभा राहतो. आमच्या आधी कोणीतरी एक भिंत सिमेंटनं भरून ठेवली होती. जिथं ती सैल होती तिथं छिन्नीनं हळू काढली, जिथं घट्ट होती तिथं सोडून दिली, कारण काढताना दगडाच्या कडा उडत होत्या.

हंगाम: ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी. चाळीसच्या वर पारा गेलेल्या सोलापुरात चुना लावला तर तो धरण्याआधीच सुकतो आणि बोटानं पावडर निघते.

कळीचा चुना विझवताना चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उकळी फुटते, शिंतोडे उडतात. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली. डोळ्यात गेलाच तर चोळू नका, भरपूर पाण्यानं बराच वेळ धुवा आणि थेट डॉक्टरकडं जा. हे काम लहान मुलांसमोर करूच नका, वाफ बघून ती जवळ येतात. विझवलेला चुना पिंपात, वर चार बोटं पाणी ठेवून, निदान महिनाभर मुरू द्या. जास्त मुरला तर आणखी चांगला, लोण्यासारखा होतो.

आमचं प्रमाण: एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग चाळलेली वाळू. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटेची भुकटी. तिच्यामुळं ओल्या जागीही चुना धरतो. भीमा-सीनेची वाळू आता सहज मिळत नाही आणि मिळाली तर पावती विचारा. आम्ही दगडाची कृत्रिम वाळू धुऊन, बारीक भुकटी काढून वापरतो, चालते. पूर्वी हा माल बैलाच्या घाण्यात मळायचे. आम्ही लोखंडी घमेल्यात काठीनं कुटतो. वीस मिनिटं कुटला की पाणी न घालताच मऊ होतो. पाणी घालून मऊ केलेला माल तडकतो. गूळ, हिरडा, बेलफळ घालायची जुनी पद्धत आहे, ती माहीतगार गवंडी सोबत असेल तरच करा. नुसतं ऐकून गूळ घातलात तर मुंग्यांची सोय होते.

सांधा रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, साधारण एक इंच. ब्रशनं धूळ काढा. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा. माल थापीनं आत दाबा, थरांनी, एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. बोटाचा ठसा जेमतेम उमटेल इतका घट्ट झाला की ताठ ब्रशनं टोचून खरबरीत करा. दगडावर माल सांडू देऊ नका. वरून ओलं गोणपाट टांगा आणि आठ दिवस दिवसातून तीनदा भिजवा. रविवारच्या स्वयंसेवकांची गोची इथं होते: सोमवार ते शनिवार भिजवणार कोण? म्हणून दर्ज्याचं काम घ्यायच्या आधी आठवड्याच्या पाळ्या कागदावर लिहून घ्या. सात नावं नसतील तर त्या आठवड्यात चुना नको. आम्ही सुरुवातीला एका वेळी दाराएवढीच जागा केली, तीही मागच्या बाजूला, जिथं चूक झाली तरी कोणी बघत नाही.

लाकूड, लोखंड

सागवानी दार खालून कुजतं. अख्खं दार बदलू नका, खालचा वीतभर भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडून घ्या. सुतार म्हणेल, "नवं करणं स्वस्त पडेल." पडतंही. तरी जुनंच ठेवा. तिकिटाच्या खिडकीची फळी बघा, लाखो हातांनी पैसे सरकवून तिला मधोमध खोलगा पडला आहे. तिच्यावर रंधा मारलात तर तिकिटाची खिडकी जाऊन नुसती फळी उरते.

जुना तैलरंग कोरडा घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. पाणी लावून ओला घासा, मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा, चिखल गोळा करून पिशवीत बंद करा. ज्योतीनं रंग जाळायचा ब्लो-लॅम्प तर नकोच. काचा बसवायला लांबी (पुट्टी), लाकडाला जवसाचं तेल. एक धोका बहुतेकांना माहीत नसतो: जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापते आणि पेट घेते. सोलापूरच्या मार्चमध्ये तर नक्की विषाची परीक्षा नको. चिंध्या उन्हात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

लोखंडाला तारेचा ब्रश आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात. उद्यावर ठेवलात तर रात्रीच्या दवानं पुन्हा तांबूस होतं.

झाडं आणि जनावरं

भिंतीतला पिंपळ उपटू नका, मुळासोबत दगड येतो. खोड भिंतीलगत कापा आणि दर पंधरवड्याला नवे कोंब खुडत राहा. वर्ष-दीड वर्षात थकतो. गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटा. फुललेल्याची अंगाला खाज आणि काहींना दम्यासारखा त्रास होतो. वेडी बाभूळ तोडून उपयोग नाही, मुळासकट खणावी लागते आणि ते काम रेल्वेच्या माणसांचं.

कौलांचा ढीग भिंतीला लावू नका म्हटलं ते घोणशीसाठी. पहिलं कौल नेहमी काठीनं हलवा, हात त्यानंतर. साप दिसला तर काम थांबवा, सर्पमित्राला फोन करा. आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूचं काम मोहोळ उठेपर्यंत बंद. धूर करायचा नाही.

वस्तू आणि माणसं

आतल्या खोलीत काही सापडलं, जुनी दिव्याची काच, तिकिटांचा लाकडी खणांचा कपाटवजा साचा, वजनाचा काटा, रुळाच्या तुकड्याची घंटा, तर ते आहे तिथं फोटो काढा, यादीत लिहा, मास्तरांना दाखवा. घरी नेऊन "सुरक्षित" ठेवू नका. ती रेल्वेची मालमत्ता आहे आणि सुरक्षित ठेवलेल्या वस्तू पुढच्या पिढीत भंगारात जातात. पितळ चकाकवायचा मोह आवरा. घासून घासून अक्षरं आणि नंबर जातात. कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं तरी भागतं.

माणसांची घाई मात्र करा. नॅरोगेजवर काम केलेले गँगमन, खलाशी म्हणजे रेल्वेतले मदतनीस, फायरमन आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आषाढीला डब्यांच्या टपावर बसलेले वारकरी, चढावर दमलेलं इंजिन, उतरून हुरडा घेऊन पुन्हा चढणारे प्रवासी, या गोष्टी प्रत्येक जण सांगतो आणि त्यातल्या निम्म्या तिखटमीठ लावलेल्या असतात. त्या नोंदवाच. पण शेवटी कामाचे प्रश्न विचारा: पाणी कुठून यायचं, भिंतीला चुना कोण लावायचं, दिवा कुठं टांगायचे, ही खुंटी कशाची? आमच्या पडवीच्या खांबावरचा घासलेला पट्टा आम्ही भरून टाकणार होतो. मामा म्हणाले, इथं पोती टेकवून हमाल दम खायचे. पट्टा तसाच आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं बोललं जातं. ज्या भाषेत माणूस मोकळा होईल त्या भाषेत रेकॉर्ड करा.

गट टिकवायचा असेल तर अकराला काम बंद म्हणजे बंद. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कोणीतरी आणतंच. पण पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय पहिल्या दिवसापासून करा. ती नसेल तर तुमच्या गटात तिसऱ्या महिन्यात फक्त पुरुष उरतात.

आता रंग

फेब्रुवारी अखेर. भिंतीला प्लास्टिक पेंट नाही, चुन्याची सफेदी. पातळ, दुधासारखी, तीन ते पाच हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. ओली असताना पारदर्शक दिसते, म्हणून माणूस घाबरून दाट लावतो आणि मग ती पापुद्र्यांनी सुटते. सुकली की पांढरी होते, धीर धरा.

लाकडाचा रंग ठरवायला धारदार पात्यानं नाण्याएवढ्या जागेत एकेक थर उघडा, कांद्यासारखा. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, बिजागरीमागं, जिथं कोणी घासलेलं नसतं तिथं. आमच्या दारावर सात थर निघाले. कोणता "मूळ" यावर बैठक झाली. सगळ्यात खालचा तांबडा होता, तो बहुधा नुसता अस्तर. शेवटी मामांना दुसरा थर दाखवला. ते म्हणाले, "मी लागलो तेव्हा हाच होता," आणि तो ठरला. उघडलेला नमुना झाकला नाही, शेजारी पेन्सिलनं तारीख घातली आहे.

नावाची पाटी सगळ्यात शेवटी. पुन्हा रंगवण्याआधी जुन्या अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून एकेक अक्षर उतरवून घ्या. जुन्या रंगाऱ्याचा "ड" आणि संगणकावरचा "ड" यांत फार फरक असतो. पिवळ्यावर काळी अक्षरं, रेल्वेनं लिहून दिलेला मजकूर, एक काना इकडचा तिकडं नाही. ब्रश बारीक, हात मनगटावर टेकवलेला, सकाळचं ऊन पाठीशी. आमची पाटी ज्यानं लिहिली तो पोरगा दुकानांचे बोर्ड रंगवतो. फ्लेक्सनं त्याचं काम गेलं होतं.

ब्रश धुऊन उलटे टांगा. उरलेल्या डब्यावर रंगाचा नंबर, तारीख आणि कुठं लावला ते लिहा. आणि वहीत पुढच्या रविवारचं काम टाका: पन्हळी.